मापात पाप

परवा दुपारी जेवण झाल्यावर जरा पडलो होतो, तर फोन वाजला. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून आलेली एक मुलगी. (मुलगी म्हणायची सवय. आता तिचीच मुलगी दहावीला आहे.) सध्या ती कागदावर प्लास्टिकऐवजी पाण्यातलं कोटिंग बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या बऱ्याच प्लास्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली, तेव्हापासून या कामाला बरे दिवस आलेत म्हणे.

"सर, लॅबसाठी वायरवाले रॉड घ्यायचेत. दोन कोटेशनं आलीत. एक दुसऱ्याच्या तिप्पट आहे. कुठला सेट घेऊ?"

मी विचारलं, "कागदावर किती जीएसएम बसवायचंय?"

"ते अजून ठरायचंय हो. आधी सेट तर घेऊन ठेवते."

झोप तिथेच उडाली. कारण हेच वाक्य, अगदी ह्याच क्रमाने, मी स्वतः तीस वर्षांपूर्वी म्हणालो होतो. आणि त्याचं पुढे काय झालं ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. तिला फोनवर अर्धवट सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

ज्यांचा ह्या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. कोटिंगचा रॉड (काही जण बार म्हणतात) म्हणजे करंगळीपेक्षा बारीक, सरळ अशी स्टेनलेस स्टीलची कांब. तिच्यावर स्टीलचीच बारीक तार वेढ्याला वेढा चिकटवून गच्च गुंडाळलेली असते. गिटारची सगळ्यात जाडी तार जवळून पाहिली असेल तर दिसायला तसंच, फक्त हे वाकत नाही. कागद काचेवर किंवा रबराच्या पाटावर पसरून वरच्या बाजूला चिमट्यात धरायचा. त्यावर रंग, शाई, वॉर्निश जे काय असेल त्याची एक आडवी धार ओतायची. रॉड धारेच्या पलीकडे टेकवायचा आणि दोन्ही हातांनी सरळ आपल्याकडे ओढायचा. जास्तीचा माल रॉडच्या पुढे ढकलला जातो आणि तारेच्या वेढ्यांमधल्या खाचांतून निसटेल तेवढाच कागदावर मागे राहतो. बस्स, एवढंच यंत्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉचेस्टर इथे चार्ल्स मेयर नावाच्या गृहस्थांनी मेणकागद आणि कार्बन पेपरच्या कोटिंगसाठी ते चालवलं, म्हणून मेयर रॉड.

नवा माणूस पहिल्यांदा ते हातात घेतो आणि हमखास पोळी लाटल्यासारखा फिरवतो. लाटणं नव्हे हे! फिरला की माप गेलं. ओढायचा, फिरू द्यायचा नाही.

ह्या साध्या कांबीचं मला पहिल्यापासून आकर्षण वाटत आलंय ते तिच्यातल्या गणितामुळे. शेजारी शेजारी चिकटलेल्या दोन तारा, त्यांच्या माथ्यावर टेकलेला कागद, आणि मध्ये उरलेली चिमुकली जागा. त्या जागेचं क्षेत्रफळ काढायला शाळेतलं गणित पुरतं. अर्ध्या चौकोनातून अर्धं वर्तुळ वजा करायचं, आलेलं उत्तर तारेच्या रुंदीवर पसरायचं. ओल्या थराची जाडी तारेच्या व्यासाच्या ०.१०७ पट येते. कांब जाड की बारीक ह्याचा त्यात संबंधच नाही. सगळं माप तारेत. पाव मिलिमीटरची तार म्हणजे साधारण २७ मायक्रॉन. प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच पडतं, म्हणून लॅबमध्ये सरळ 'तारेच्या एक दशांश' असं धरून चालतात.

इथपर्यंत सगळं गोड आहे. गडबड सुरू होते ती नंबरापाशी.

मेयर रॉडचा नंबर म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. १० नंबरची तार ०.२५४ मिलिमीटर, ओला थर २५ मायक्रॉनच्या आसपास. ३ नंबर म्हणजे साडेसात-आठ मायक्रॉन. पण इंग्लंडहून के बार म्हणून जो सेट येतो त्याचे नंबर निव्वळ ओळीने लावलेले. १ पिवळ्या मुठीचा, ६ मायक्रॉन. २ लाल, १२ मायक्रॉन. ३ हिरवा, २४. ४ काळा, ४०. असं करत करत ८ नंबरचा निळा, १०० मायक्रॉन. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चोख आहेत. पण '३ नंबर' असं नुसतं चिठ्ठीवर लिहिलं की एकीकडे थर होतो साडेसात मायक्रॉनचा आणि दुसरीकडे चोवीसचा. तिपटीपेक्षा जास्त फरक, आणि चिठ्ठी मात्र दोन्हीकडे एकच.

आपल्याला हे नवं नाही. आमच्या आजोबांच्या काळात शेर-पायली गावागणिक बदलायची. एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजारात नेली तर भांडण ठरलेलं. कासाराकडे 'दोन-सहा' म्हटलं तर त्याला बरोबर कळतं की दोन पूर्णांक सहा सोळांश इंच, पण हे ज्याला माहीत नाही तो दोन दशांश सहा समजून बांगडी घेईल आणि घरी येऊन बोलणी खाईल. इलेक्ट्रिशियनच्या तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते, मेयर रॉडचा नंबर वाढला की तार जाड. नंबर म्हणजे माप नव्हे, नंबर म्हणजे कुणीतरी ठेवलेलं नाव. हे मी आज ऐटीत लिहितोय. १९९८ साली मला ते कळलेलं नव्हतं.

त्या वर्षी आम्ही क्राफ्ट पेपरवर पाणी न मुरणारं एक कोटिंग शोधत होतो. चार-पाच सप्लायरांचे नमुने आले. त्यात एक पुण्याजवळच्या शेडमध्ये दोन ढवळायची भांडी घेऊन धंदा करणारा गृहस्थ होता. पन्नाशीचा, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे. वयाने ते पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, पण खरेदीच्या टेबलाची कुठली बाजू कुणाची, त्यावरून साहेब ठरतो. त्यांच्या कॅनला एक चिठ्ठी बांधलेली होती: क्राफ्टवर ३ नंबर बार, ११० अंशांवर एक मिनिट.

आमच्याकडे मेयरचा सेट. ३ नंबर काढला, ओढला, वाळवला, कॉब टेस्ट लावली. (कॉब म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरच्या कड्यात १०० मिलिलिटर पाणी ओतायचं, ठरलेल्या वेळाने पाणी ओतून द्यायचं, टीपकागद ठेवून त्यावरून दहा किलोचा रूळ फिरवायचा आणि कागदानं किती पाणी प्यायलं ते वजन करून बघायचं.) आम्हाला ६० सेकंदांना १० च्या आत हवं होतं. आलं २४. पुन्हा केलं, २३. रिपोर्टवर 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली. सही माझी.

काकांचा फोन आला. "साहेब, आमच्याकडे सात-आठ येतंय हो." मी काय म्हणालो असेन? जे प्रत्येक लॅबवाला म्हणतो तेच. सप्लायरच्या लॅबमध्ये सप्लायरचा माल नेहमीच पास होतो! आम्ही दोघंतिघं त्यावर हसलोही. त्यांनी दुसरा कॅन पाठवला. तोही आम्ही त्याच ३ नंबरने, त्याच निष्ठेने नापास केला. आमचं काम किती एकसारखं होतं बघा, दोन्ही वेळा आकडा एका अंकाइतकाच हलला. मला त्याचा अभिमान वाटला होता.

दोन-अडीच महिन्यांनी ते दुसऱ्याच कुठल्या मालाचा नमुना घेऊन आले. ह्या वेळी बरोबर स्वतःचा बार आणला होता, धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून. "एकदा माझ्या बारने ओढून बघा साहेब, माझं समाधान." त्यांनी तुकडा उलगडला. मला तेव्हाही काही दिसलं नाही. आमचा लॅब अटेंडंट, दहावी नापास पोरगा, तो सहज म्हणाला, "सर, ह्याच्या मुठीला हिरवा रंग आहे. आपल्याला रंगच नाहीत."

मग भिंग घेतलं. आमच्या ३ नंबरची तार केसासारखी, त्यांच्या ३ नंबरची तार ०.३१ मिलिमीटर. जुन्या कॅनमधला माल कपाटात अजून शिल्लक होता. त्यांच्या बारने ओढला. कॉब आला ८.

तोवर वर्षाचं कंत्राट दुसऱ्याला गेलं होतं.

काका चिडले नाहीत. बारवरून बोट फिरवत म्हणाले, "चिठ्ठी आमचीच चुकली साहेब. मायक्रॉन लिहायला हवे होते."

आणि मी म्हणालो, "हो ना."

आता इतक्या वर्षांनी टोचतं ते हे 'हो ना'. चिठ्ठी अपुरी होती हे खरंच आहे. पण माझ्यापुढे काटा होता. लॅबमध्ये दहाव्या मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, आणि मी एकदाही कागदावर नेमकं किती कोटिंग बसलंय ते तोललं नव्हतं. तोललं असतं तर दहाच्या जागी तीन जीएसएम दिसलं असतं आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता. मी एका माणसाचा माल तपासत नव्हतो, त्याच्या मालाचा तिसरा हिस्सा तपासत होतो. नंतर कुणाकडून तरी कळलं की आमच्या ऑर्डरच्या भरवशावर त्यांनी तिसरं, मोठं भांडं उधारीवर घेतलं होतं. भेटले तेव्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

असो.

तर माझं मत, आणि ते आता फारसं बदलेल असं वाटत नाही: रॉड निवडायची सुरुवात रॉडपासून करायचीच नाही. शेवटापासून करायची. वाळल्यावर कागदावर किती हवंय? समजा १० जीएसएम. मालातले सॉलिड्स वजनाने ४० टक्के, घनता १.०३. दहाला ०.४ गुणिले १.०३ ने भागा. २४ मायक्रॉन ओला थर. आता ह्या चोवीसला जवळचा रॉड कोणता ते बघा. के बारमधला हिरवा किंवा मेयरमधला १० नंबर. त्याच्या एक पायरी खालचा आणि एक पायरी वरचा, असे तीन घ्या. तीन ठिपके असले की रेघ ओढता येते; माल जरा कमी बसला म्हणून नापास झाला की मुळातच नालायक आहे हे कळतं. सोळा रॉडचा चकचकीत लाकडी पेटीतला सेट पाहुण्यांना दाखवायला छान असतो. आमच्या सेटमधले अकरा रॉड मी निवृत्त झालो तेव्हाही कोरे होते.

पैसे उरले तर त्याच तीन रॉडांची दुसरी जोडी घ्यावी आणि ती कुलुपात ठेवावी. रोजचा रॉड झिजला की नाही हे कशाशी ताडून बघणार? ह्या कुलुपातल्या जोडीशी. हा खर्च मंजूर करून घेताना अकाउंट्सवाले 'एकसारख्या दोन वस्तू कशाला' म्हणून विचारतात. त्यांना आपल्या घरात कुलपाच्या किल्ल्या किती आहेत ते विचारावं.

रंगवाल्यांनी मात्र वरचं गणित जसंच्या तसं उचलू नये. त्यांना कोरड्या थराची जाडी हवी असते आणि तिथे सॉलिड्स वजनाने नव्हे, आकारमानाने धरावे लागतात. २५ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड, २५ ग्रॅम रेझिन, ५० ग्रॅम पाणी असा पांढरा रंग घ्या. वजनाने सॉलिड्स ५० टक्के. पण टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड, ते जागा फार थोडी घेतं. आकारमानाने सॉलिड्स ३७ टक्क्यांच्या आसपासच निघतात. वजनाचा टक्का धरून रॉड निवडला तर थर एक चतुर्थांशाहून जास्त पातळ येणार, खालचे काळे-पांढरे चौकोन आरपार दिसणार, आणि बिचाऱ्या रंगावर 'झाकत नाही' असा शिक्का बसणार.

आणखी एक. कोष्टकात छापलेले मायक्रॉनसुद्धा निर्मात्याने दिलेला शब्द आहे, मोजमाप नव्हे. ०.३१ मिलिमीटरच्या तारेवर भूमिती सांगते ३३ मायक्रॉन, के बारचं कोष्टक सांगतं २४. कुणी खोटं बोलत नाही. खाचेतला सगळाच माल कागदावर उतरत नाही, काही तारेला चिकटून पुढे जातो, आणि किती चिकटतो ते मालाच्या घट्टपणावर, ओढायच्या वेगावर, दाबावर ठरतं. खाली रबराचा मऊ पाट असेल तर कागद खालून खाचांत घुसतो आणि थर आणखी पातळ होतो. काचेवर ओढला तर वेगळा. म्हणून रिपोर्टात रॉडबरोबर पाट कोणता हेही लिहावं. कुणी लिहीत नाही. मीही लिहीत नव्हतो.

आता रेघांबद्दल. रॉड ओढल्यावर कागदावर बारीक बारीक रेघा राहतात, तारेचे वेढे जितके तितक्या. माल पातळ आणि ओला राहणारा असेल तर पृष्ठताण त्या रेघा पुसून टाकतो. नसेल तर तशाच वाळतात, फणी फिरवल्यासारख्या. माझी आजी अंगण सारवायची तेव्हा तिच्या बोटांची अर्धवर्तुळं वाळेपर्यंत तशीच राहायची आणि ती शोभा होती. लॅबमध्ये तीच गोष्ट दोष. १९६२ साली ऑर्चर्ड नावाच्या संशोधकाने ह्याचं गणित मांडलं. रेघा मिटायला लागणारा वेळ रेघांमधल्या अंतराच्या चौथ्या घातानं वाढतो आणि थराच्या जाडीच्या तिसऱ्या घातानं कमी होतो. रॉडच्या बाबतीत तार दुप्पट जाड केली की अंतरही दुप्पट आणि जाडीही दुप्पट. सोळा भागिले आठ. म्हणजे वेळ दुप्पट. जाड थरात माल जास्त असतो, तो आपोआप सपाट होईल असं वाटतं, पण रॉडच्या बाबतीत उलटं घडतं. भराभर उडणारा सॉल्व्हंट असेल किंवा हलवलं तरच सैल होणारा घट्ट माल असेल तर जाड तारेच्या वाटेला जाऊच नये. १०० मायक्रॉनच्या वर तर सरळ फटीचा ॲप्लिकेटर घ्यावा. मात्र तिथेही नवा सापळा आहेच. २०० मायक्रॉनच्या फटीतून ओला थर २०० चा पडत नाही, साधारण निम्मा पडतो.

तिपटीचा प्रश्न राहिलाच. महागडा आणि स्वस्त रॉड ह्यांत फरक असतो, पण तो कोटेशनवर नव्हे, हातात घेतल्यावर दिसतो. सपाट काचेवर ठेवून हलका फिरवावा; डुगडुगला तर कांब वाकडी. काचेच्या खालून उजेड टाकला तर वाकडेपणा आणखी नीट दिसतो. नख तारेवरून लांबीच्या दिशेनं ओढावं. एखादा वेढा सरकला किंवा मध्ये फट दिसली तर परत करावा, मग तो कितीही नामवंत असो. भिंगाखाली वेढे एका उंचीत दिसले पाहिजेत. हे सगळं पास करणारा स्वस्त रॉड मी पाहिलाय आणि नापास होणारा महागही.

तिचा माल पाण्यातला, वाळला की डिंकासारखा घट्ट बसणारा. अशासाठी मी तार नसलेला, कांबीवरच गोलसर खाचा दाबून काढलेला रॉड घ्यायला सांगितला. तारेच्या रॉडमध्ये दोन वेढ्यांच्या बुडाशी जी चिंचोळी फट असते तिथे माल वाळला की निघता निघत नाही. खाचांच्या रॉडला ते बूडच नाही. त्याचाही नंबर कुणीतरी ठेवलेलं नावच, तेव्हा तोलून बघणं काही चुकत नाही.

आणि धुणं! चांगल्या रॉडांचा अंत मी पाहिलाय तो कामाने नव्हे, धुण्याने. शिफ्ट संपायला पाच मिनिटं, रॉड सिंकमध्ये वाळलेला, आणि कुणीतरी त्यावर तारेचा ब्रश किंवा ब्लेड चालवतंय. तारेचा माथा घासला की खाच उथळ झाली, खाच उथळ झाली की थर पातळ. बुडाशी माल वाळला तरी थर पातळच. म्हणजे दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ह्या महिन्याचा थर गेल्या महिन्यापेक्षा किंचितच कमी असतो. वर्षभराने लॅब म्हणते, हल्ली माल बिघडलाय. माल आहे तिथेच असतो. ओढून झाल्या झाल्या रॉड पाण्यात किंवा त्या त्या सॉल्व्हंटमध्ये धरावा, नायलॉनच्या मऊ ब्रशने वेढ्यांच्या दिशेने फिरवावा, पुसून उभा टांगावा. ड्रॉवरमध्ये स्पॅनरच्या सोबतीला ठेवू नये.

तोलण्याबद्दल एक अडचण सांगतो, कारण नुसतं 'तोला' म्हणणं सोपं आहे. जीएसएम कटरने १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापायची, ग्रॅममधल्या वजनाला शंभराने गुणलं की जीएसएम. दहा जीएसएम कोटिंग म्हणजे चकतीवर जेमतेम ०.१ ग्रॅम. आता खालचा कागदच ८० जीएसएमचा, आणि कागद हा प्राणी हवेतलं पाणी पितो. कोरड्या दिवसात त्याच्यात ६ टक्के ओलावा असेल आणि जुलैत ९ झाला, तर नुसत्या पाण्यानेच दोन-अडीच जीएसएम वाढलं. तुम्ही दहा मोजायला निघालात आणि पावसाने अडीच घातले! भारतीय मानकाने चाचणीसाठी २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ठरवून दिलेली आहे ती उगाच नाही. तशी खोली नसेल तर कोटिंगची आणि बिनकोटिंगची चकती एकाच कागदातून शेजारी शेजारी कापावी, दोन्ही ओव्हनमध्ये वाळवाव्यात, डेसिकेटरमध्ये गार कराव्यात आणि मग तोलाव्यात. रॉडचीच तपासणी करायची असेल तर कागदाच्या भानगडीत न पडता ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ओढावं. फॉइल पाणी पीत नाही. महिन्यातून एकदा, एकाच मालाने, वहीत तारखेसह. अर्धा तास जातो.

हल्ली मोटरवर चालणारी यंत्रं सर्रास दिसतात. रॉड अडकवा, बटण दाबा, वेग आणि दाब प्रत्येक वेळी तोच. चांगली आहेत. माणसाचा हात सोमवारी वेगळा आणि शनिवारी वेगळा असतो, ते त्यांनी मिटवलं. पण यंत्राला रॉड झिजलाय हे कळत नाही, नंबर कुठल्या घराण्याचा आहे हेही कळत नाही. ते चुकीचा थर अतिशय एकसारखा पसरतं. माझे ते दोन रिपोर्ट, २४ आणि २३, यंत्राशिवायच तितके एकसारखे होते. एकसारखं आणि बरोबर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकसारखं दिसलं की माणूस बरोबर आहे का ते विचारायचं थांबतो. म्हणून बजेट एकाच गोष्टीचं असेल तर मी यंत्र मागे ठेवीन, काटा आणि रॉड आधी घेईन. ह्यावर माझ्या काही मित्रांचं मत वेगळं आहे. त्यांच्याकडे यंत्रं आहेत.

हे सगळं फोनवर ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सर, दोन्हीपैकी कुठलंच कोटेशन नको?"

"आधी जीएसएम ठरव," मी म्हटलं.

"आणि रिपोर्टात काय लिहू? नंबर नको?"

"नंबर लिही, कंपनी लिही, मायक्रॉन लिही, पाट कोणता ते लिही. आणि त्याखाली तोललेला आकडा. तो नसेल तर सही करू नकोस."

काकांची गोष्ट तिला तेवढी सांगितली नाही. सांगायला हवी होती बहुतेक.

तीन आठवड्यांनी काल संध्याकाळी तिचा व्हॉट्सॲप आला. तीन कागदांचा फोटो, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा: ९.६, ९.९, १०.१. खाली लिहिलंय, "सर, तिसऱ्यावर डावीकडे एक उभी रेघ येतेय, का बरं?" फोटो मोठा करून बघितला. एकच रेघ, बारीक, वरपासून खालपर्यंत सलग, कोटिंग तेवढ्या पट्टीत कमी पडलेलं. खाचेत काहीतरी वाळलंय. पहिल्या दोन कागदांनंतर रॉड धुतला होतास का, असं विचारलंय. अजून निळी खूण आलेली नाही.